एका अलिफाचा फरक

आमच्या गावाला तेव्हा दोन नावं होती. कागदावर उस्मानाबाद, तोंडात धाराशिव. टपाल कागदातल्या नावानं यायचं, पाहुणे तोंडातल्या नावानं यायचे, आणि दोघंही बरोबर घरी पोचायचे. त्यामुळे कागदावर एक शब्द आणि तोंडात दुसरा असला म्हणून कुणाचं काही अडतं, असं गावात कुणाला वाटत नसे. अडल्याचं एकच उदाहरण माझ्या माहितीत आहे, ते शरणबसप्पा शेठच्या जिनिंगमधलं. फसली तेराशे चोपन्न सालचं. इंग्रजी कॅलेंडरात पाहायचं तर महायुद्ध संपत आलं होतं.

जिनिंग येडशीच्या वाटेवर होती. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या लागल्या की तिचा भोंगा वाजायला लागायचा आणि शिमगा झाला की गप्प व्हायचा. आत चौदा जिना, म्हणजे सरकी काढायची यंत्रं, एका ओळीत. प्रत्येक जिनेवर एक बाई. तिनं वरून कापूस घालायचा. पुढून रुई निघते, खालून सरकी पडते, आणि जे बारीक तूस उरतं ते घालणारीच्या नाकात जातं. बाकीच्या बाया कापूस आणून टाकत, सरकी ओढत. गडी रुई दाबून गठाणी बांधत. सगळी मिळून साठेक माणसं.

शेठ घरात कानडी बोलत, मजूर मराठी किंवा दखनी बोलत, हिशेब मोडीत असे, आणि हजेरी उर्दूत. कारण सरकार निजामाचं होतं आणि तपासणीला कुणी आलंच तर त्याला वाचता यावं. तपासणीला कुणी आलं नव्हतं, पण रजिस्टर तयार होतं. त्यात दोन खाने. पहिला ‘मुस्तकिल’, म्हणजे कायम. मुकादम आणि मुन्शी सोडले तर त्यात नऊ नावं होती : मकबूल मिस्त्री, इंजिनवाला, तेलवाला, पहारेकरी वगैरे. दुसरा खाना ‘आर्जी’. उर्दूत आर्जी म्हणजे तात्पुरता. आज आहे, उद्या असला तर असला. बाकी सगळी माणसं त्या खान्यात.

पण हा अर्थ उर्दू शिकलेल्यांना ठाऊक. मजुरांच्या ओळखीचा शब्द ‘अर्जी’ होता आणि तो फार चांगल्या ओळखीचा होता. अर्जी केल्याशिवाय काही मिळत नव्हतं, आणि केल्यावरही लवकर मिळत नव्हतं. मुन्शी सकाळी हजेरीला ‘आर्जी, सकिनाबी’ असं पुकारायचा तेव्हा चार नंबरच्या जिनेवरच्या सकिनाबीला ऐकू यायचं, की आपली अर्जी आहे. कायम होण्याची. वर गेलेली आहे. विचार चालू आहे.

अकरा हंगाम विचार चालू होता. तिला त्याचं नवल वाटत नव्हतं. तिच्या सासऱ्यानं जमिनीसाठी केलेली अर्जी सासरा जाऊन नऊ वर्षं झाल्यावर नामंजूर होऊन आली होती, आणि घरच्यांना बरंच वाटलं होतं, की निदान कुणीतरी वाचली.

ही अर्जी केली कुणी, असं एकदा तिनं शेजारच्या जिनेवरच्या कडूबाईला विचारलं होतं. कडूबाई बेंबळीची. हंगामापुरती धाराशिवला येऊन दिराच्या पडवीत राहायची. तिच्याकडं सगळ्याला उत्तर असे. “पयल्या दिशी अंगठा घेतला का न्हाय मुन्शीनं?” ती म्हणाली. “तीच की ती.” सकिनाबीला ते पटलं. साठ माणसांना ते पटलेलं होतं.

सकिनाबीला मात्र अर्जीची घाई इतरांपेक्षा जास्त होती. मुस्तकिल माणूस सकाळी सरळ आत जातो. आर्जी बाई रोज नव्यानं घेतली जाते. गेटावर वीस-पंचवीस बाया जास्तीच्या उभ्या असत, आणि हिंमतराव मुकादम फाटकात उभा राहून बोट दाखवी. बोट जिच्यावर थांबेल ती आत. सकिनाबी विधवा होती, पन्नाशी ओलांडलेली होती, चार नंबरच्या जिनेशिवाय तिला दुसरं काही येत नव्हतं. मागच्या हंगामात तीन सकाळी हिंमतरावाचं बोट तिच्यावरून पुढं सरकलं. चौथ्या दिवशी केसांना मेंदी लावून आली. त्या दिवशी बोट थांबलं. पण मेंदीवर किती वर्षं निघतील याचा तिला अंदाज होता, आणि म्हणून त्या अर्जीचं काय झालं हे तिला कळायला हवं होतं.

युनियन आणली पंचाक्षरीनं. हा इथलाच, पण दोन वर्षं सोलापूरच्या एका गिरणीत हजेरी-कारकून होता. परत येताना त्यानं एक ट्रंक, एक चष्मा आणि ‘युनियन’ हा शब्द आणला. पूर्वी कधीतरी तीन महिने शाळेत शिकवल्यामुळे लोक त्याला मास्तर म्हणत. माणूस सरळ होता. मजुरांचं भलं व्हावं असं त्याला मनापासून वाटे, आणि ते आपल्या हातून व्हावं असंही वाटे.

पहिल्या सभेत घोटाळा झाला. गावात यूनानी दवाखाना होता. लोकांनी युनियन ऐकलं आणि यूनानी समजले. मंगळवारी दुपारी मारुतीच्या पाराजवळ पंचाक्षरी अर्धा तास श्रमाच्या प्रतिष्ठेवर बोलला. समोर बसलेल्या बाया मधूनमधून खोकत होत्या. ते त्याला पाठिंब्यासारखं वाटलं. भाषण संपल्यावर एकीनं पदराखालून रिकामी बाटली काढून पुढं केली. पंचाक्षरीनं समजावलं, की ही ती यूनानी नव्हे. बाई म्हणाली, मग खोकल्याचं काय? तीही मागणी आहे, असं म्हणून त्यानं वहीत लिहून घेतलं : मागणी पहिली, खोकला.

दुसऱ्या मंगळवारी तो तयारीनं आला. मुस्तकिल होणं म्हणजे काय, ते मिळवायचं तर एकत्र का यायला पाहिजे, हे त्यानं नीट सांगितलं. सांगून झाल्यावर सकिनाबी उभी राहिली.

“मास्तर, म्हंजी ही युनियन आमची अर्जी वर रेटंल का?”

“कोणती अर्जी?”

“आमची. आमी सगळी अर्जीतच हाव न्हवं का.”

पंचाक्षरीला उर्दू येत होतं. चूक कुठं आहे हे त्याला तत्काळ कळलं. पण पाठोपाठ समोर बसलेली साठ माणसं त्याच्याकडं बघताना दिसली. सोलापुरात त्याच्यासमोर इतकी माणसं कधी बसली नव्हती.

“रेटेल,” तो म्हणाला.

त्या मंगळवारी साठच्या साठ सभासद झाले. नऊ मुस्तकिल आधीच झाले होते. मकबूल मिस्त्रीला त्यांनी अध्यक्ष केलं होतं. यंत्राबद्दल बोलताना त्याचं कुणी खोडू शकत नसे, म्हणून माणसांबद्दलही खोडणार नाही असा हिशेब.

युनियनला नियम लागतात. पंचाक्षरीनं सोलापूरचे नियम शब्दन् शब्द उतरवून घेतले होते. ती गिरणी बारा महिने चालायची. त्यामुळे नियम असे होते : सभासद तो, जो कामावर आहे. वार्षिक सभा ज्येष्ठ महिन्यात. सोलापुरात याला कुणाची हरकत असण्याचं कारण नव्हतं. धाराशिवात ज्येष्ठात जिनिंगला कुलूप असे, आणि आत पट्ट्यांना तेल देणारे नऊजण तेवढे कामावर असत. हे पंचाक्षरीच्या लक्षात आलं नाही. नऊजणांच्या आलं असावं, पण त्यांनी नियमांना मान दिला.

हंगाम संपता संपता युनियननं खरंच एक अर्जी केली. दहा हंगाम भरलेल्यांना मुस्तकिल करावं, अशी. शेठ कुणाला नाही म्हणत नसत. ‘बघू’ म्हणत आणि खरंच बघत बसत. या वेळी मात्र त्यांनी वैशाखात निरोप धाडला, की पाच माणसं मुस्तकिल करतो, नावं युनियननंच द्यावीत. दहा हंगामांचं त्यांनी काही काढलं नाही. पंचाक्षरीला इतका आनंद झाला की त्यालाही ते आठवलं नाही. नावं ज्येष्ठातल्या सभेत ठरतील, असं त्यानं सांगून टाकलं.

सकिनाबी तेव्हा लोकांच्या गोधड्या शिवत होती. सभेचं कळल्यावर ती धुतलेलं लुगडं नेसून जिनिंगवर गेली. शेडच्या दारात मकबूल मिस्त्री उभा होता. तो तिला आपा म्हणायचा, आणि मनापासून म्हणायचा.

“आपा, तुम्ही सध्या कामावर न्हाय,” तो अवघडून म्हणाला.

“जिनच बंद हाय, तर मी कामावर कशी असंन?”

“त्येच की. भोंगा वाजला की तुम्ही पुन्ना सभासद. नियम हाय तसा.”

ती बाहेर लिंबाखाली बसली. दार उघडंच होतं. आत लोक मागच्या सालच्या गठाणींवर बसले होते, बोलणं स्वच्छ ऐकू येत होतं. युनियनच्या बाजूनं एक गोष्ट सांगितली पाहिजे : चहा आला तेव्हा पहिला कप बाहेर सकिनाबीला दिला.

सभेत भांडण असं झालं नाही. मुस्तकिल करायचा माणूस भरवशाचा हवा, यावर एकमत होतं. भरवशाचा म्हणजे ओळखीचा, यावरही झालं. आणि ओळखीचा म्हणजे कोण, हे नऊजणांच्या घरोघर दिसत होतं. मकबूलचा धाकटा भाऊ हनीफ एक हंगाम कामाला आला होता. त्याचं नाव आलं. तेलवाल्याचा मेहुणा आला. इंजिनवाल्याचा जावई आला. पंचाक्षरीनं सकिनाबीचं नाव सुचवलं, हेही खरं आहे. त्यावर मकबूल म्हणाला, की हनीफला आता घेतलं नाही तर तो सोलापूरला निघून जाईल. “सकिनाआपा कुठं जानार हैत? त्या इथंच हैत.”

लिंबाखाली सकिनाबीनं हे ऐकलं. आपल्याबद्दल चांगलंच बोलताहेत असं तिला वाटलं. चहा संपवून, कपबशी विसळून ती घरी गेली.

दिवाळीनंतर भोंगा वाजला त्या दिवशी गेटावर उर्दूत कागद चिकटवलेला होता. पंचाक्षरीनं तो मोठ्यानं वाचला. पाच नावं मुस्तकिल. खाली एक ओळ : बाकी तमाम हस्बे-साबिक आर्जी. म्हणजे, त्यानं मराठीत सांगितलं, बाकी सगळे पूर्वीप्रमाणे आर्जी.

बाया खूश झाल्या. पाच झाले, आणि बाकीच्यांची अर्जी पूर्वीप्रमाणे चालू आहे. फेटाळलेली नाही. कडूबाईनं तिथंच उभ्या उभ्या क्रम लावला, की सगळ्यांत जुनी सकिनाबी, तेव्हा येत्या साली पहिलं नाव तिचं. पंचाक्षरीनं कागदावरची नजर वर घेतली नाही. तो आणखी वाचतोय असं लोकांना वाटलं. कागद तर संपला होता.

सकिनाबीच्या मनात आलं, की आपणही जरा हात लावावा. तिच्या बहिणीचा मुलगा चाँदपाशा मुन्सफ कोर्टात चपराशी होता. कागद कोणत्या टेबलावरून कोणत्या टेबलावर जातो हे त्याला पाठ होतं. एका मंगळवारी, जिनिंगला सुटी होती तेव्हा, ती कोर्टाच्या ओसरीवर जाऊन बसली. चाँदपाशा मोकळा झाल्यावर म्हणाली, माझी अर्जी कुठपर्यंत आली तेवढं बघ.

“नंबर क्या है, खाला?”

नंबर तिला ठाऊक नव्हता.

“तारीख?”

तारीख म्हणजे अकरा वर्षांपूर्वीचा पहिला दिवस; कापूस ओला होता एवढं आठवत होतं.

“लिखा कौन था?”

तेव्हा तिनं रजिस्टरातल्या खान्याचं सांगितलं. मुन्शी रोज काय पुकारतो ते पुकारून दाखवलं. चाँदपाशा हसला. मग तिच्याकडं बघून थांबला. त्यानं खाली बसून धुळीत काडीनं एक शब्द लिहिला. त्याच्या शेजारी दुसरा लिहिला.

“ये अर्जी. ये आर्जी. इसमें बीच में अलिफ है.”

सकिनाबीनं वाकून पाहिलं. एक उभी रेघ होती. बाकी सगळं सारखं.

“इतनाच फरक?”

“हौ.”

“आर्जी मने क्या?”

“मने कच्चा काम. चार दिन का.”

“ग्यारा साल हो गए.”

“तो बी चार दिनकाच, खाला.”

ही रेघ रजिस्टरातून काढता येते का, असं तिनं विचारलं. चाँदपाशानं इकडं तिकडं बघितलं आणि हलक्या आवाजात सांगितलं, की त्याला कायद्यात शिक्षेचं कलम आहे. शिवाय रेघ काढली तरी अर्जी होत नाही; नुसता शब्द होतो. अर्जी ती कधी केलेलीच नाही. कुणीच केलेली नाही.

तिथून ती पंचाक्षरीकडं गेली. युनियनची कचेरी म्हणजे त्याच्या घराचा ओटा. तो वहीवर रेघा मारत बसला होता. तिला बघून त्यानं चटई सरकवली. ती बसली नाही.

“मास्तर, आमची अर्जी कवा न्हवतीच म्हनं.”

“कोण म्हणालं?”

“चाँदपाशानं लिवून दावलं.”

“त्याचं उर्दू चांगलं आहे,” पंचाक्षरी म्हणाला.

“तुमचं?”

पंचाक्षरीनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. “माझंही बरं आहे.”

“मंग तुमाला ठाव हुतं.”

त्यानं मान हलवली. मग तो पुष्कळ बोलला, आणि त्यात खोटं काही नव्हतं. त्या दिवशी शब्द सोडवून सांगितला असता तर लोक उठून गेले असते. लोक नसते तर युनियन झाली नसती. युनियन नसती तर जी खरी अर्जी मागच्या साली गेली ती गेली नसती. म्हणजे आधी जी नव्हती ती अर्जी त्या चुकीमुळेच अस्तित्वात आली, असंही पाहता येईल.

“ह्ये खरं हाय,” सकिनाबी म्हणाली. “पर मास्तर, मुकादम बी आमाला खरं सांगत न्हाय. शेठ बी न्हाय. त्येंच्याकडं आमी त्यासाटी जात बी न्हाय. तुमच्याकडं आलो हुतो.”

पंचाक्षरीनं विचारलं, की आता काय करावं असं तुमचं म्हणणं आहे. तिनं म्हणणं असं काही आणलं नव्हतं. पुढची नावं कधी ठरतील, एवढंच तिनं विचारलं.

“वार्षिक सभेत.”

“ती कवा?”

“ज्येष्ठात.”

“तवा मी सभासद नसनार.”

“नियम तसा आहे खरा.”

“बदलता येत न्हाय?”

“येतो की. सभेत ठराव करून.”

“कंच्या सभेत?”

पंचाक्षरीनं वहीत नियमांचं पान काढलं आणि बोट ठेवून ते वरपासून वाचायला घेतलं. सकिनाबी, येते मास्तर, म्हणून निघाली.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुटीत पाण्याच्या रांजणापाशी तिनं बायांना सांगितलं. काडी घेऊन जमिनीवर रेघही काढून दाखवली. शब्द तिला येत नव्हते. बाया त्या रेघेभोवती उभ्या राहिल्या.

“मंग पयल्या दिशी आंगटा कशाला घेतला?” कडूबाईनं विचारलं.

“तू आलीस म्हून.”

यावर कुणीतरी हसलं, मग सगळ्याच हसल्या, हसता हसता खोकायला लागल्या, आणि भोंगा झाला तशा आत गेल्या.

युनियन कुणी सोडली नाही, असंच म्हटलं पाहिजे. राजीनामा कुणी दिला नाही, कुणी वाईट बोललं नाही, मास्तर रस्त्यात भेटला तर बाया पदर सावरून बाजूला व्हायच्या त्या होतच राहिल्या. फक्त पुढच्या मंगळवारी पाराजवळ कुणी आलं नाही. एक बाई आली होती. तिला खोकल्याच्या मागणीचं काय झालं ते विचारायचं होतं. वर रेटायला अर्जीच नव्हती, म्हणून लोक रेटायला गेले नाहीत, इतका साधा हिशेब. गड्यांनीही तोच केला. पंचाक्षरीच्या वहीत एकोणसत्तर सभासदांचे चौदा राहिले : नऊ पूर्वीचे, पाच नवे. सगळे मुस्तकिल आणि बरेचसे एकमेकांचे पाहुणे. सभा घ्यायला जागाही कमी लागू लागली.

युनियन सुटल्यामुळे सकिनाबीचं गेटावर काही सुधारलं, असंही नाही. हिंमतरावाला युनियनची बाई वेगळी दिसत नसे. हात भरभर चालणारी बाई तेवढी दिसे. पौषात तिला दोन सकाळी परत जावं लागलं. मेंदीही महाग झाली होती.

माघात हैद्राबादहून मजुरांच्या खात्यातले एक साहेब आले. नोंदणी झालेल्या युनियनला सभासदांचा आकडा वर कळवावा लागे. एका वर्षात एकोणसत्तरचे चौदा कसे झाले, याचा खुलासा हवा होता. साहेब तरुण होते, हुशार होते, आणि त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं. शेठनी त्यांच्यासाठी लिंबाखाली आपली स्वतःची खुर्ची मांडून दिली. सोडून गेलेली एखादी मजूर बाई बोलवा, उर्दू समजणारी, असं साहेबांनी सांगितलं. मुन्शीनं आत जाऊन चार नंबरवरून सकिनाबीला उठवलं.

जिन थांबत नसते. इंजिन चालू, पट्टा चालू, म्हणजे जिन चालू. वर बाई नसली तर ती कोरडी फिरते, आणि कोरडी जिन हिंमतराव फार वेळ फिरू देत नसे. गेटावरून दुसरी बाई आणून उभी करी. उभी केलेली बाई त्या दिवशी तिथंच राही, आणि हात चांगला चालला तर दुसऱ्या दिवशीही. हे साहेबांना माहीत असण्याचं कारण नव्हतं.

साहेबांकडं छापील कागद होता. त्यात कारणं आधीच दिलेली होती; खूण तेवढी करायची. त्यांनी पहिलं कारण वाचलं : मालकाची भीती?

सकिनाबी म्हणाली, शेठला तिनं इतक्या वर्षांत दोनदा पाहिलंय, दोन्ही वेळा पाठमोरं. भीती वाटायला तोंड दिसावं लागतं.

साहेबांनी खूण केली नाही. दुसरं कारण, चंदा परवडत नव्हता? परवडत नव्हताच, ती म्हणाली, पण देत होते. तिसरं कारण साहेबांनी जरा संकोचून वाचलं.

“जहालत?”

अडाणीपणा, म्हणजे.

“थी, साब,” सकिनाबी म्हणाली. “वो गई, तब छोडी.”

साहेबांची पेन्सिल कागदावर फिरली आणि थांबली. याला चौकोन नव्हता. त्यांनी कागद मांडीवर ठेवला, खुर्ची पुढं ओढली आणि म्हणाले, की हे त्यांना सविस्तर ऐकायचंय. सकिनाबीनं सांगायला सुरुवात केली. मुन्शी काय पुकारायचा, कडूबाई काय म्हणाली, ओसरीवर चाँदपाशानं काय लिहिलं. अलिफापाशी आल्यावर साहेब एकदम खुलले. त्यांनी कागदाच्या मागं दोन्ही शब्द सुबक अक्षरांत लिहून काढले आणि त्यांच्याकडं बघत राहिले. असं कुठल्या अहवालात आलेलं नाही, असं ते स्वतःशीच म्हणाले. मग, पुढं सांगा.

पुढं सांगायला तिनं तोंड वर केलं, तर शेडमधून हिंमतराव बाहेर आलेला. तो गेटाकडं चालला होता. घाईत नव्हता.

सकिनाबी उठली.

“बैठिये,” साहेब म्हणाले. “अभी तो सात सवाल बाकी हैं.”

“तुम बैठो साब,” ती म्हणाली. “तुम मुस्तकिल हैं.”

ती पळाली नाही. पन्नाशीच्या बाईनं अंगणातून पळणं बरं दिसत नाही. पण झपाझपा गेली. ती शेडच्या दारात पोचली तेव्हा हिंमतराव गेटावरून तुळजाबाई नावाच्या एका बाईला घेऊन दुसऱ्या अंगानं आत शिरत होता. तुळजाबाई सकाळपासून उभी होती. तिनं पदर कमरेला खोचून ठेवला होता, कारण बोट कधीही येतं.

चार नंबर कोरडी फिरत नव्हती. चार आणि पाच अशा दोन जिनांच्या मधे कडूबाई उभी होती, एक हात इकडं, एक हात तिकडं. तिच्या भुवयांवर रुई साचली होती. हिंमतरावानं तिला विचारलं, की ही चारची बाई कुठं आहे.

“परसाकडं गेलीय,” कडूबाई त्याच्याकडं न बघता म्हणाली. “तुमाला सांगून जाया पायजे व्हय?”

तेवढ्यात सकिनाबी ओळीच्या टोकाशी दिसली. हिंमतरावानं एकदा तिच्याकडं, एकदा चार नंबरकडं पाहिलं. मग त्यानं तुळजाबाईला हातानं परत जायची खूण केली. तुळजाबाई थोडा वेळ तिथंच उभी राहिली. तिनं चौदाही जिना डोळ्यांखालून घातल्या. मग ती परत गेटावर गेली.

लिंबाखाली साहेबांनी मुन्शीला विचारलं, बाई येतील का परत? मुन्शी म्हणाला, भोंगा झाल्यावर. भोंग्याला अजून बराच वेळ होता आणि येडशीची गाडी त्याच्या आधी सुटायची. साहेबांनी शेवटच्या कारणावर, ‘दीगर’ म्हणजे इतर, त्यावर खूण केली. कागद मागच्या बाजूला उलटून ते दोन शब्द पुन्हा एकदा पाहिले आणि घडी घालून खिशात ठेवला.

आत सकिनाबी आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली. श्वास लागला होता, पण जिनांच्या आवाजात तो कुणाला ऐकू जाण्यासारखा नव्हता.

“काय इचारत हुता त्यो?” कडूबाईनं ओरडून विचारलं.

“युनियन का सोडली म्हून.”

“मंग? सांगितलं?”

“सांगत हुते,” सकिनाबी म्हणाली. “अर्धंच झालं.”

कडूबाईनं चार नंबरवरचा हात काढून घेतला.